बुद्धी शोधायची तर आधी वागणं बघा

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घराघरात एकच घोर: एआयची शाखा मिळेल ना? पण या शाखेत अभ्यास नेमका कशाचा करायचा, हे कुणी विचारत नाही.

मुंबईत आर. नरसिंहन यांनी ते विचारलं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक उभारणाऱ्या गटाचं नेतृत्व त्यांनी केलं. १९६० साली तो चालू झाला. पुढे हाच माणूस लहान मूल बोलायला कसं शिकतं, याच्या अभ्यासात शिरला. कारण भाषा हेही त्यांच्या लेखी वर्तनच. २००४ च्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड द स्टडी ऑफ एजेंटिव्ह बिहेवियर’. म्हणजे स्वतःहून काही करू पाहणाऱ्या कुणाचंही वागणं, मग तो माणूस असो, प्राणी असो की यंत्र, या विद्येच्या कक्षेत येतं. मला ही व्याख्या आजच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते.

ती मान्य केली, तर ‘आजोबा’कडे बघावंच लागतं. २००९ साली विहिरीतून सुटका झालेल्या या बिबट्याला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या गटाने जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. तो चालत निघाला. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ, मुंबई-आग्रा महामार्ग, मग वसईची खाडी, असं सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. वाटेत वस्त्याच वस्त्या. पण एकाही माणसाला त्याने नख लावलं नाही. कुठे थांबायचं, कधी रस्ता ओलांडायचा, कुणाच्या नजरेला पडायचं नाही, हे सगळं त्याने वाटेवरच ठरवलं. आजची भाषामॉडेलं माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुराच्या ढिगाऱ्यावर शिकतात. आजोबाकडे वाचायला काहीच नव्हतं.

हे यंत्रांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. बुद्धीने वागण्याची किती रूपं शक्य आहेत, हे आधी मांडल्याशिवाय यंत्राने त्यातलं कोणतं साधलं, हे सांगणार कसं? पवईच्या आयआयटीच्या आवारात बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतातच; म्हणजे अभ्यासाचा विषय दाराशीच आहे. एआयच्या अभ्यासक्रमात एक सत्र बोरिवलीच्या जंगलात, कॅमेरा ट्रॅपमधल्या छायाचित्रांची वर्गवारी करण्यात जावं, आणि एक बालवाडीत, मुलांचं बोलणं टिपण्यात. गुणही त्याचे द्यावेत.