जांबुवंताची आंघोळ

मुलांनो, गॅदरिंगमध्ये तुम्ही कधी अस्वल झाला आहात का? किंवा वानर, सिंह, ससा? झाला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, प्रेक्षकांना दिसतो मऊमऊ केसाळ प्राणी आणि आत असतो घामानं निथळणारा, नाकाला खाज सुटलेली असूनही ती खाजवता न येणारा एक मुलगा!

आमच्याकडे द्रोणागिरीला हा प्रसंग हमखास येतो. उरणजवळच्या आमच्या डोंगराचं नावच द्रोणागिरी. हनुमान संजीवनीचा पर्वत घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, असं इथले आजी-आजोबा सांगतात. मग हे नाटक बसवल्याशिवाय कसं चालेल? त्यात हनुमान असतोच, पण म्हातारा जांबुवंतही असतो. वाल्मीकी रामायणात हनुमानाला औषधी वनस्पती आणायला सांगतो तो हाच.

पहिल्या वर्षी आम्ही जांबुवंताचा पोशाख भाड्यानं आणला. पिशवी उघडली आणि भपकन कुबट वास आला. 'दहा मिनिटांचंच तर काम आहे,' असं म्हणून मी तो चौथीतल्या एका मुलाला चढवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर आणि पाठीवर लाल पुरळ! त्याची आई मला काही बोलली नाही, पण मला फार चुटपुट लागली. पुढच्या वर्षी पालकांच्या मदतीनं आम्ही शाळेचाच पोशाख शिवला. तो छान झाला. आणि धुतल्यावर त्याची एक बाही चुरगळलेली दिसली म्हणून मी तिच्यावर गरम इस्त्री फिरवली. क्षणात केस आखडले, एकमेकांना चिकटले आणि बाहीचं झालं पायपुसणं!

असं का झालं बरं? फरचे हे केस कुठल्या प्राण्याचे नसतात. ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचे, कधी पॉलिएस्टरचे असतात. म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. अ‍ॅक्रिलिकचा धागा अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं १९५० साली 'ऑरलॉन' या नावानं बाजारात आणला. प्लास्टिकला गरमी सोसत नाही. इस्त्री तर नाहीच, कढत पाणीही नको आणि केस वाळवायचं गरम यंत्रही नको. एकदा वितळून चिकटलेला केस पुन्हा मोकळा होत नाही. ती बाही आम्हाला नवीन शिवावी लागली.

आता वासाचं कोडं. अ‍ॅक्रिलिक पाणी फारसं शोषतच नाही. मग घाम जातो कुठे? तो जातो केसांच्या मागच्या विणलेल्या कापडात, अस्तरात, पोट मोठं दिसावं म्हणून लावलेल्या स्पंजात आणि पंज्यात भरलेल्या कापसात. वरून हात फिरवला तर पोशाख कोरडा ठणठणीत, आणि आत ओल. त्यात आमची खाडीकाठची दमट हवा! असा पोशाख प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की बुरशीला आमंत्रणच.

म्हणून नाटक संपलं की पहिलं काम म्हणजे पोशाख उलटा करायचा, आतली बाजू बाहेर, आणि पंख्याखाली टांगायचा. मग आरामात जेवायला जा. एखादाच प्रयोग झाला असेल तर आतून ओल्या फडक्यानं पुसलं आणि नीट वाळवलं तरी भागतं. दुर्गंधीसाठी औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आतून हलकेच फवारता येतं, पण हे काम मोठ्यांनीच करायचं, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास गॅस, दिवा, उदबत्ती नसताना. आधी काखेत, न दिसणाऱ्या जागी थोडंसं लावून बघा. रंग निघाला तर थांबा.

धुवायचाच असेल तर मोठं घमेलं किंवा टब घ्या. गार पाणी, त्यात लोकरीच्या कपड्यांसाठीचा पातळ साबण, थोडासाच. सुटा होणारा स्पंज आधी काढून ठेवा. पोशाख उलटाच बुडवा, पंधरा मिनिटं राहू द्या आणि हातानं दाबत राहा. धोपटायचं नाही, ब्रशनं घासायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. फेस जाईपर्यंत खळबळा. ते पाणी मोरीत ओतताना जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळा. गळलेले केस बरेचसे त्यात अडकतात. नाहीतर ते गटारातून थेट खाडीत जातात आणि प्लास्टिक असल्यामुळे कुजत नाहीत.

ओला पोशाख भलताच जड होतो. खांद्याला धरून टांगला तर शिवण ताणते. जुन्या टॉवेलांत गुंडाळून दाबा आणि खाटेवर, सावलीत, पंखा लावून आडवा पसरा. मधूनमधून पालटा. आमच्या जांबुवंताला वाळायला दोन पूर्ण दिवस लागतात, आणि पंजे सगळ्यात शेवटी वाळतात. बोटानं आतून चाचपून बघितल्याशिवाय वाळला म्हणायचं नाही. केस किंचित दमट असताना रुंद दातांच्या फणीनं विंचरा. मुळाशी एका हातानं धरा आणि टोकाकडून सुरुवात करा, आई तुमच्या वेणीचा गुंता सोडवते तसं.

डोकं मात्र पाण्यात बुडवू नका. त्यात पुठ्ठा, गोंद आणि स्पंज असतो. ते आतून ओल्या फडक्यानं पुसायचं आणि पालथ्या कळशीवर ठेवून पंख्यासमोर वाळवायचं. आमच्या वर्गात असं ठेवलेलं डोकं बघून सकाळी केर काढायला आलेल्या मावशी किंचाळल्या होत्या!

आणि पालकहो, धुण्याइतकंच घालण्याकडेही लक्ष द्या. आत पातळ सुती लांब बाह्यांचा बनियन आणि पायजमा घाला, म्हणजे घाम आधी त्यात मुरतो. अंगावरचा घाम उडाला की शरीर थंड होतं, पण फरच्या आत तो उडायला वाव नसतो. प्रवेश संपला की लगेच डोकं काढा, पाणी द्या. मूल गप्प झालं, भोवळ येते म्हणालं, तर पोशाख ताबडतोब उतरवा, नाटक थांबलं तरी चालेल. दीपप्रज्वलनाच्या समईजवळ तर या पोशाखातलं मूल उभंच करू नका. अ‍ॅक्रिलिक पेट घेतं आणि वितळून कातडीला चिकटतं.

आता आमचा जांबुवंत सुती चादरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात झोपतो. डांबराच्या गोळ्या घालत नाही, कारण कसर लोकर खाते, अ‍ॅक्रिलिक नाही. उंदीर मात्र त्यात आनंदानं घर करतील, म्हणून कपाटाला कडी. पावसाळ्यात उघडीप मिळाली की त्याला बाहेर काढून वारा देतो. यंदा तो होणार आहे तिसरीतली एक मुलगी. तिनं मला आधीच विचारून ठेवलंय, "बाई, नाक खाजलं तर काय करायचं?"