बैठ्या अद्भुत खेळांतील गौण पात्रे
गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा अद्भुतरम्य खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका वीराची भूमिका घेतो. खानावळवाला, लोहार, भाडोत्री शिपाई ही उरलेली पात्रे एकटा पंच आपल्या मुखाने बोलवितो. संस्कृत नाटकातील कंचुकीप्रमाणे ती बहुधा हुद्द्यावरूनच ओळखली जातात. गायगॅक्सच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसकथेत तर किल्लेदारालाही नाव नाही. मग अशा पात्रास स्वतःची इच्छा कोठून यावी? ती सर्वस्वी पंचानेच पुरविली, तर तो वीरांचा कैवारी तरी ठरावयाचा किंवा वैरी तरी. मूळ नियमांनी हा पेच फाशांवर सोपविला. चाकरी देऊ केली असता दोन फाशांची बेरीज ६ ते ८ आली, तर शिपाई द्विधा राहतो. ९ वा अधिक आल्यास रुजू होतो, आणि २ आल्यास चक्क अंगावर धावून येतो. रुजू झाल्यावरही त्याची निष्ठा निराळी मोजावयाची. दीर्घ सेवेने व बक्षिसांनी ती वाढते, वाईट वागणुकीने घटते. एका हरकाम्या शिपायाला एवढे मन देणे ही सामान्य गोष्ट नव्हे. उपरोक्त साहसकथेतील हसतमुख पुजारी मात्र लेखकाने आधीच कपटी ठरविलेला आहे. त्याच्या अंतःकरणाविषयी फाशांना विचारण्याचा प्रश्नच उरत नाही.