मद्रास ते ॲन आर्बर : बार्बर शिष्यवृत्तीचा एक अध्याय

आशियातील विद्यार्थिनींना अमेरिकेतील ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात उच्च शिक्षण घेता यावे म्हणून १९१७ साली स्थापन झालेल्या बार्बर शिष्यवृत्तीचा मद्रासशी, म्हणजे आजच्या चेन्नईशी, जो संबंध जडला, त्याची पूर्वतयारी त्या शहरातील दोन नव्या महिला महाविद्यालयांनी करून ठेवली होती. मरीना किनाऱ्यालगत १९१४ मध्ये डोरोथी डी ला हे यांच्या प्राचार्यपदाखाली सरकारी महिला महाविद्यालय निघाले, ज्याला पुढे क्वीन मेरी हे नाव मिळाले. आणि १९१५ मध्ये अनेक मिशनरी संस्थांनी एकत्र येऊन विमेन्स ख्रिश्चन कॉलेज काढले, ज्याची धुरा एलिनॉर मॅकडूगल यांनी १९३८ पर्यंत वाहिली. त्यानंतरच्याच वर्षी, १९१६ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ स्थापन केले. मद्रासचा मार्ग इंग्रजी पदवीचा असल्यामुळे तेथील पदवीधर मुलीला परदेशी विद्यापीठाचे दार तुलनेने लवकर उघडले.

शिष्यवृत्तीचे दाते लेव्ही बार्बर हे डेट्रॉइटचे वकील असून मिशिगन विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्य होते. तेथेच वैद्यक शिकून मायदेशी परतलेल्या चीनच्या शी मेइयू व कांग चेंग आणि जपानच्या टोमो इनोउए यांचे कार्य पाहून त्यांना ही कल्पना सुचली. शिकलेल्या स्त्रीने आपल्या देशात परतून तेथे काम उभे करावे ही अपेक्षा तिच्या मुळाशी होती. मूळ नावातील ‘पौर्वात्य स्त्रिया’ या शब्दांत पाश्चात्त्य दात्याची वरून पाहणारी दृष्टी आहे, हे मान्य करावे लागते; परंतु त्या दानाने स्त्रीला केवळ आधारापुरते न मानता संशोधनास पात्र मानले, हेही तितकेच खरे आहे.

तेल्लिचेरी येथे १८९७ मध्ये जन्मलेल्या ई. के. जानकी अम्माल यांचे शिक्षण क्वीन मेरी व प्रेसिडेन्सी या मद्रासच्या महाविद्यालयांत झाले. विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत असताना त्यांना बार्बर शिष्यवृत्ती मिळाली. मिशिगनची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या मद्रासच्या त्याच महाविद्यालयात परतल्या, काही काळाने पुन्हा मिशिगनला गेल्या आणि १९३१ मध्ये त्यांनी डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवली. त्यांचा विषय पेशीविज्ञान, त्यातही पेशीतील आनुवंशिक घटक वाहून नेणाऱ्या गुणसूत्रांचा अभ्यास, हा होता. या ज्ञानाचा उपयोग त्यांनी कोइंबतूरच्या ऊस पैदास केंद्रात ऊस व त्याच्याशी नाते असलेल्या गवतांचे संकर अभ्यासताना केला. महाराष्ट्राच्या उसाच्या फडांत दीर्घकाळ रुजलेला ‘को ७४०’ हा वाणही त्याच केंद्राचा असल्यामुळे, ही संस्था मराठी शेतकऱ्याला परकी नाही. पुढे इंग्लंडमध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा संदर्भग्रंथ १९४५ मध्ये सिद्ध केला, १९५६ मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या मदुरवॉयल येथील क्षेत्रीय प्रयोगशाळेत संशोधन चालू ठेवले.

या वाटचालीत दात्याच्या रकमेइतकेच महत्त्व मद्रासच्या महाविद्यालयाला द्यावयास हवे, कारण पहिल्या परदेश-वास्तव्यानंतर त्यांना अध्यापनाकडे परतता आले आणि दुसऱ्यांदा निघतानाही त्यांच्यामागे एक संस्था होती. शिष्यवृत्ती संपताच काम करण्याची जागा नाहीशी झाली, तर तिने दिलेले सामर्थ्य वापरायचे कोठे, हा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत अधिकच तीव्र होतो. आज चेन्नईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांसाठी सुमारे दोन महिन्यांची उन्हाळी पाठ्यवृत्ती दिली जाते, म्हणजे सुट्टीच्या काळात निर्वाहाची रक्कम आणि प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधनाचा अनुभव. मुलींना प्रयोगशाळेची ओळख करून देण्यास एवढा काळ पुरतो. नेतृत्वासाठी मात्र त्यानंतर वर्षानुवर्षे टिकणारे पद, मार्गदर्शन आणि स्वतःचा विषय निवडण्याची मुभा लागते, आणि ती जबाबदारी पाठ्यवृत्ती देणाऱ्यांइतकीच विद्यार्थिनीच्या मूळ महाविद्यालयानेही उचलली पाहिजे.