सूज उतरली म्हणून गोळ्या थांबवता येत नाहीत

शरीराला लागेल तितके रक्त पुढे ढकलण्यास हृदय अपुरे पडू लागले, की फुप्फुसांत, पोटात आणि पायांत पाणी साठते. या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडणे किंवा हृदयविकाराचा झटका येणे यांहून ती वेगळी असून वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. वृद्ध आईवडिलांना रुग्णालयातून घरी आणल्यावर जो गैरसमज घरोघरी ऐकू येतो आणि जो सर्वाधिक घात करतो, तो असा : ‘सूज उतरली, धाप थांबली, आता इतक्या गोळ्या कशाला?’

हा प्रश्न मायेपोटी विचारला जात असला, तरी त्यामागील समजूत साफ चुकीची आहे. सूज उतरवते ती मुख्यतः लघवीची गोळी. ती साठलेले मीठ व पाणी बाहेर टाकते, म्हणून तिचा गुण लवकर दिसतो. मूळ बिघाड मात्र तसाच राहतो. दुबळ्या हृदयाला हाकण्यासाठी शरीर ॲड्रेनॅलिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवते आणि तीच पुढे हृदयाच्या स्नायूला झिजवतात. बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे हा मारा रोखतात. पण त्यांचे काम डोळ्यांना दिसत नसल्याने नेमकी तीच आधी बंद केली जातात. गंभीर रुग्णांवरील १९९९ च्या ‘रेल्स’ चाचणीत केवळ स्पायरोनोलॅक्टोनची भर घातल्याने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला होता.

तरीही ज्यांना शंका उरते, त्यांनी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेली ‘ट्रेड-एचएफ’ ही चाचणी पाहावी. हृदयाचा स्नायू ताणला गेल्याने आजारी पडलेले, परंतु औषधांनी पंपिंग पूर्ववत झालेले आणि कोणताही त्रास न उरलेले ५१ रुग्ण तीत होते. ज्यांची औषधे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबवली, त्यांपैकी ४४ टक्के रुग्णांचा आजार सहा महिन्यांत उलटला, तर औषधे चालू ठेवणाऱ्यांपैकी त्या काळात एकाचाही उलटला नाही. तज्ज्ञांच्या नजरेखाली ही गत होते, तर शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळ्या सोडणाऱ्या वृद्धाचे काय होईल, हे वेगळे सांगावे लागू नये. या गोळ्यांनी किडनी बिघडेल, ही काळजी रास्तच आहे. परंतु तिचा उपाय क्रिएटिनिन व पोटॅशियम वेळच्या वेळी तपासून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेणे हा आहे.

इतर काही गैरसमज :

‘पंपिंग ३० टक्के म्हणजे ७० टक्के हृदय गेले.’ निरोगी हृदयही एका ठोक्यात आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. त्याचे पंपिंग साधारण ५५ ते ७० टक्के असते.

‘सैंधव चालते.’ सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, आणि ‘कमी सोडियम’च्या मिठातील पोटॅशियम काही औषधांसोबत घातक ठरते.

‘गुडघेदुखीची गोळी निरुपद्रवी असते.’ आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात.

‘रुग्णाने पडूनच राहावे.’ प्रकृती स्थिर असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालणे हिताचे असते.

‘पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणे.’ धाप, वेदना व भीती कमी करणारी ही शुश्रूषा इतर उपचारांच्या जोडीनेच दिली जाते.

कुटुंबीयांनी रोज सकाळी लघवीनंतर व न्याहारीपूर्वी रुग्णाचे वजन करून वहीत नोंदवावे, तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे आणि त्यांना विचारल्यावाचून एकही गोळी बंद करू नये.