रक्तात औषध उरलं किती?

हृदयाच्या शस्त्रक्रियेत जखम चिघळू नये म्हणून, छातीला छेद देण्याआधीच्या तासाभरात रुग्णाच्या शिरेत बहुधा सेफाझोलिन हे प्रतिजैविक सोडतात. प्रौढाला साधारण २ ग्रॅम. मग रक्त हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशिनमधून फिरवलं जातं आणि हिशेब बिघडतो. यंत्राच्या नळ्यांत आधीच लिटर-दीड लिटर द्रव भरलेला असतो. तो शरीरातल्या पाचेक लिटर रक्तात मिसळला की औषध विरळ होतं. शिवाय मूत्रपिंडं ते बाहेर टाकतच असतात, सुमारे दोन तासांत निम्मं. शस्त्रक्रिया लांबली तर चार तासांनी दुसरा डोस देतात तो म्हणूनच.

संशोधक ठरावीक वेळी रक्ताचे नमुने घेऊन क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीने, औषध मोजतात. खरा गुंता पुढेच आहे. सेफाझोलिनचा सुमारे ८० टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. जंतूंशी लढतो तो उरलेला मोकळा भाग. रक्त पातळ झालं की प्रथिनंही विरळ होतात आणि मोकळ्या औषधाचा वाटा वाढतो. त्यामुळे नुसत्या एकूण आकड्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

आणि जखम चिघळते ती रक्तात नव्हे, तर त्वचेखालच्या चरबीत, छातीच्या हाडाशी. तिथे अगदी बारीक नळी ठेवतात; तिच्या पातळ पडद्यातून ऊतींमधल्या द्रवातलं मोकळं औषध पाझरतं, आणि तेच मोजलं जातं.