मामांचा संगणक

1961 च्या पानशेतच्या पुरात वाहून गेलेल्या घराची हकीकत आता एकट्या मामांनाच ठाऊक. वय 78, हात कापतो. म्हणून लिहावयास संगणक हवा. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार खेळांचे ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारू पाहात होता. मामांना का राक्षस मारावयाचे आहेत? चित्राची सोय पोटातच असलेला साधा प्रोसेसर, 17 सेंटिमीटर लांबीरुंदीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, 8 जीबी रॅम एवढे पुरे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी मात्र एसएसडीच घेतली; तीत हलणारे काही नसते, आणि यंत्र झटकन जागे होते. वाचलेले पैसे मोठ्या पडद्यात व यूपीएसमध्ये घातले. वीज जाऊन एखादे पान पुसले गेले, तर मामा ते पुन्हा सांगावयाचे नाहीत! आता कळफलक कोणता, यावर मामींशी वाद चालू आहे.