पेटीकोट मुळात कुणाचा?

मागच्या दिवाळीत यांचे एक स्नेही फराळाला आले होते. बोलता बोलता दोन्ही घरांनी मिळून सहलीला जायचं निघालं. "हिला विचारून सांगतो," हे सहज म्हणाले. त्यावर चकली मोडत ते गृहस्थ हसले, "म्हणजे तुमच्याकडे पेटीकोट गव्हर्नमेंट आहे म्हणा की!"

सगळे हसले, मीही हसले. पण चहा गाळताना ते शब्द टोचत राहिले. महिन्याचा हिशेब, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं सगळं बाईनं पाहायचं, आणि तिचं मत विचारलं की ती थट्टा!

सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा मोकळ्या तासाला मी शब्दाचा माग काढायला बसले. आपल्याला वाटतं, 'पेटी' म्हणजे कमरेची पेटी असेल. तसं मुळीच नाही. ऑफिसातल्या किरकोळ खर्चाला 'पेटी कॅश' म्हणतात ना, तोच हा 'पेटी'. फ्रेंच भाषेतून आलेला, अर्थ 'लहान'. पेटीकोट म्हणजे लहान कोट!

आणि गंमत पुढेच आहे. पंधराव्या शतकात हा लहान कोट इंग्लंडमधले पुरुष वापरीत. डब्लेट नावाच्या घट्ट अंगरख्याच्या आत, ऊब राहावी म्हणून. मग तेच नाव बायकांच्या कमरेला बांधायच्या घेराला मिळालं आणि तिथंच राहिलं.

तोही तेव्हा लपवायचा कपडा नव्हता, बरं का! सतराव्या-अठराव्या शतकांत झगा पुढून उघडा ठेवीत आणि आतला भरतकाम केलेला पेटीकोट मुद्दाम दिसू देत. एकोणिसाव्या शतकात तो पूर्ण आत गेला. झगा फुगावा म्हणून बायका एकावर एक कितीतरी पेटीकोट चढवीत. 1856 च्या सुमारास पोलादी कड्यांचा हलका सांगाडा निघाला, तेव्हा कुठे ते ओझं कमी झालं.

लंडनमध्ये जुन्या कपड्यांच्या बाजाराची एक गल्ली पेटीकोट लेन म्हणून प्रसिद्ध. 1830 च्या सुमारास तिचं नाव बदलून मिडलसेक्स स्ट्रीट केलं, तरी लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं.

वस्त्र बायकांचं झालं, तसा शब्दाचा अर्थही 'बाई' असा होऊ लागला, आणि त्यातूनच 'पेटीकोट गव्हर्नमेंट' निघालं. 1702 साली राणी ॲन इंग्लंडच्या गादीवर आली, त्याच वर्षी जॉन डंटन या लेखकाचं ह्याच नावाचं पुस्तक निघालं. आपल्याकडेही भित्र्या पुरुषाला 'बांगड्या भर' म्हणतातच की! बाईच्या अंगावरची वस्तू, म्हणून ती हिणवायला सोयीची. त्याच बांगड्यांच्या हातांनी घर चालतं, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

आपण मराठी बायका साडीच्या आत नेसतो त्याला परकर म्हणतो. पेटीकोट बहुधा लहान मुलींच्या फ्रॉकच्या आतला. शब्द एक, पण घरोघरी अर्थ निराळा.

संक्रांतीला तेच स्नेही तिळगूळ घ्यायला आले. मी वाटी पुढं करत म्हटलं, "भावजी, पेटीकोट मुळात पुरुषांचा, ठाऊक आहे का?" सगळी हकीकत ऐकून ते जरा ओशाळले. म्हणाले, "वहिनी, हरलो बुवा! पण सहलीचं काय ठरलं?"

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "आम्ही दोघांनी ठरवलंय. जायचं."